डांबर तेच, मग खडी का उडते?

अमेरिकेत उन्हाळ्यात गावाकडच्या रस्त्यांवर 'लूज ग्रॅव्हल'ची पाटी तुम्ही पाहिली असेल. डांबर फवारायचं, लगेच वर बारीक खडी पसरायची, रोलर फिरवायचा. याला चिप सील म्हणतात. जुन्या रस्त्यात पाणी मुरू नये म्हणून केलेला हा स्वस्त उपाय. खडी उडून गाडीची काच तडकली की आपण डांबराला किंवा ठेकेदाराला नावं ठेवतो. मला वाटतं, आधी इमल्सिफायरची चौकशी करावी.

फवारतात ते बहुतेक वेळा नुसतं डांबर नसतं. साधारण दोन भाग डांबर आणि एक भाग पाणी यांचं ते तपकिरी इमल्शन असतं. डांबराचे काही मायक्रॉनचे थेंब पाण्यात सुटे ठेवण्याचं काम इमल्सिफायर करतो. मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक करतो, तेच. प्रमाण जेमतेम टक्का-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी.

रस्त्यावर मात्र थेंबांनी एकत्र यायला हवं. याला इमल्शन 'तुटणं' म्हणतात; तपकिरी रंग काळा होतो. खडी पडायच्या आधीच तुटलं तर वर साय धरते आणि खडी नीट चिकटत नाही. उशिरा तुटलं तर वाहनं किंवा पाऊस खडी घेऊन जातात. हे घड्याळ बरंचसं इमल्सिफायर ठरवतो. ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त खडीच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे थेंब तिच्याकडे ओढले जातात, पाणी बाजूला सारतात. चुनखडीवर ऋण भाराचं इमल्शनही चांगलं बसतं. आणि खडी धुळकट असेल तर थेंब धुळीलाच चिकटतात, मग रसायन कितीही महाग असो!

आता माझी तक्रार. निविदेत 'सीआरएस-२' लिहिलेलं असतं: धन भार, झटपट तुटणारं, जास्त दाट. इमल्सिफायर कोणता, ते सहसा कंपनीचं गुपित. त्यामुळे एकाच नावाची दोन इमल्शनं एकाच खडीवर वेगळी वागू शकतात. गुपित राहू द्या, पण त्या कामाच्याच खडीवर चाचणी हवी. एएसटीएम डी७००० ही ब्रशने खडी किती सुटते ते मोजणारी चाचणी आहेच. खाण बदलली की ती पुन्हा करावी लागेल, वेळ जाईल, मान्य. सगळा थर पुन्हा टाकण्यापेक्षा ते परवडतं.

तुमच्या काउंटीत यंदा चिप सील होणार असेल, तर रस्ते विभागाला विचारा: चाचणी कोणत्या खडीवर केली?