आवृत्तीबदल करारातच हवा

पुण्यात मी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हे वाक्य रोज कानावर पडतं. जँगोचा कारभार पाहिला की ते किती महागात पडू शकतं, हे कळतं.

वेबसाइट बांधण्याचं हे मुक्तस्रोत फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते ज्या पायथन भाषेत लिहिलंय, तिची तिसरी आवृत्ती 2008 मध्ये आली. जँगोने घाई केली नाही. 2013 मध्ये आधी प्रायोगिक पाठबळ दिलं, मग काही वर्षं जुनी-नवी दोन्ही सांभाळली आणि डिसेंबर 2017 मध्ये जँगो 2.0 ने पायथन 2 ला रामराम ठोकला. पायथन 2 वर अडकलेल्यांसाठी जँगोच्या आधीच्या 1.11 आवृत्तीला एप्रिल 2020 पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या.

तक्रारींनाही तीच शिस्त. प्रत्येकीला तिकीट क्रमांक. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं, तर माहिती अपुरी म्हणून तिकीट बंद. दोष पुन्हा घडवून दाखवला, की ‘स्वीकृत’. दुरुस्ती आणि चाचणी दुसऱ्याने तपासली, की ‘समावेशासाठी तयार’. आमच्याकडे तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि शुभसकाळच्या फुलांखाली गाडल्या जातात.

संचालक मंडळींनो, पुढच्या देखभाल करारात आवृत्तीबदलाची तारीख, त्याचा खर्च आणि क्रमांकवार तक्रारनोंद ही तीन कलमं लिहूनच घ्या. खातेदारांचा पैसा त्याच सॉफ्टवेअरवर विसंबून आहे.