मथळा ठळक, म्हणून वाचक अडाणी?

मा. संपादक,

टॅब्लॉइड दैनिकांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. लहान पानांचे पत्र अर्धशिक्षितांसाठी, मोठ्या पानांचे विचारी माणसांसाठी, ही लेखकाची वाटणी मुळातच चुकीची आहे. लंडनचा ‘टाइम्स’ २००४ पासून आणि ‘गार्डियन’ २०१८ पासून लहान आकारातच निघतो. शिवाय आपल्याकडचा झणझणीत मथळा ही इंग्रजी सायंदैनिकांची उसनवारी नव्हे. १९५६ साली निघालेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजवला होता.

आमच्या धडगावात अनेकांच्या घरची बोली पावरी किंवा भिलोरी. छापील मराठी भेटते ती शाळेत. चार शब्दांचा ठळक मथळा इथे चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या वाचून होतो, त्यावर वादही झडतो. यात कमीपणा कसला?

आक्षेप घ्यायचाच तर दुसरीकडे घ्या. डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारहाण झाली की लाल पट्टीत ‘थरार’, शेजारी कवटीचे चित्र आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे अंगावर काही यायला नको! अशा मारहाणीला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, ही ओळ मात्र आतल्या पानावरही सापडत नाही. हे उद्योग मोठ्या पानांच्या जिल्हा आवृत्त्याही करतात. लेखात त्यांचा उल्लेखही नाही. लेखकाने ते अंक जरूर चाळावेत.

कळावे.

एक वाचक,
धडगाव, जि. नंदुरबार