फळा उजळला, शिक्षक कुठे आहेत?

दिवा स्थानकाच्या पूर्वेला उतरले की इमारतींच्या दाटीतून शाळांचे फलक डोकावू लागतात. त्यांवर 'डिजिटल वर्ग' ही अक्षरे ठळक असतात. ठाणे महापालिकेने वेळोवेळी जाहीर केलेल्या अनधिकृत शाळांच्या याद्यांत याच दिव्यातील अनेक शाळा आल्या आहेत, हे मात्र कित्येक पालकांना प्रवेश घेतल्यानंतर कळते. वर्गात शिकवणार कोण, त्यांची पात्रता काय, एका वर्गात मुले किती, याविषयी फलक मौन पाळतो. त्या मौनाला आमचा विरोध आहे.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात येशूसंघीयांनीच चालवला. मात्र फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, ते देवनागरी खिळ्यांअभावी रोमन लिपीत. यंत्र आपल्या गरजेप्रमाणे घडवले नाही, तर आपल्यालाच यंत्राप्रमाणे वाकावे लागते, हा त्यातला धडा आहे.

तंत्रज्ञानाचे लाभ आम्ही नाकारत नाही. हृदयाची स्पंदने किंवा ग्रहांची गती खडूने दाखवता येत नाही. पडद्यावर ती क्षणात कळते. दृष्टिहीन मुलाला पुस्तक ऐकता येते. पुण्याच्या 'बालचित्रवाणी'ने १९८४ पासून मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ती संस्था २०१७ साली बंद करण्यात आली, याची खंत वाटते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडसाठी २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण कोडच्या कौतुकात एक गोष्ट विसरली जाते: मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून ते आधी कन्नड शिकले. तिथे यंत्राच्या आधी शिक्षक मुलांपर्यंत पोहोचले होते.

आता दुसरी बाजू पाहू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरांतील आठवीपासूनचे वर्ग राज्यात ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. त्या काळात पडद्याने शिक्षण तगवले, हे मान्य. परंतु एका खोलीच्या घरात, एकाच फोनवर, तोही वडील कामावर घेऊन गेल्यावर, दोन-तीन भावंडांनी शिकायचे कसे? फोन हाती आला तरी हजेरीपुरते नाव झळकत राही आणि मूल दुसरीकडेच असे. समोर बसलेल्या मुलाची शून्य नजर शिक्षकांना दिसते. पडद्याला ती दिसत नाही.

यावर हमखास प्रश्न येतो, "गरिबांच्या मुलांना तुम्ही तंत्रज्ञानापासून वंचित ठेवणार काय?" आमचे उत्तर स्पष्ट आहे: श्रीमंतांच्या मुलांना शिक्षकही मिळतात आणि यंत्रही, गरिबांच्या मुलांना नुसत्या यंत्रावर भागवायला सांगणे, हीच खरी वंचना. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. डिजिटल फळ्याची गणना शिक्षकांत होत नाही. वीज गेली की तो मुका होतो, हे दिवेकरांना वेगळे सांगायला नको.

व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'आन्तिक्वा एत नोवा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या प्रत्यक्ष सहवासातून जे नाते निर्माण होते ते यंत्राला निर्माण करता येत नाही, असे त्यात बजावले आहे. शुभवर्तमानातील मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. आमच्या शिक्षणकार्याचा पाया तोच आहे. म्हणून आमच्या ख्रिस्ती संस्थांनाही आम्ही यातून वगळत नाही. महागडे फळे घ्यायचे आणि शिक्षकांना तुटपुंज्या मानधनावर राबवायचे, हा व्यवहार कोणत्याही संताच्या नावाखाली चालवला तरी अन्यायच ठरतो.

पालकांनी प्रवेशाच्या वेळी तीन प्रश्न निर्भयपणे विचारावेत: शाळेला मान्यता आहे काय? शिक्षक प्रशिक्षित आहेत काय? वर्गात मुले किती? उत्तरे समाधानकारक असतील तरच फळ्याची चौकशी करावी. व्यवस्थापनांनीही याच क्रमाने खर्च करावा: आधी शिक्षक, मग ग्रंथालय, मग यंत्र. हा क्रम उलटा करणाऱ्या शाळेत आपले मूल घालू नये, असे आम्ही आमच्या धर्मग्रामस्थांना आग्रहाने सांगतो.