गप्पी मासे हौदांत असावे, ओढ्यांत नव्हेत

नीरा डाव्या कालव्यानें बारामती व इंदापूर तालुक्यांस ऊस दिला, आणि त्यासोबत साचलेलें पाणी व डासही दिले. आतां घरोघरीं हौद व शेतोशेतीं तळीं झालीं आहेत. हिंवताप व डेंग्यू यांच्या निवारणार्थ अशा पाण्यांत आरोग्य खातें गप्पी मासे सोडतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु दरवेळीं खात्याची वाट कां पाहावी? प्रत्येक वाडीनें एक लहानसें कुंड स्वतः राखावें.

दोन हात लांबीचें सिमेंटचें कुंड किंवा कांचेची पेटी सावलींत मांडून तींत एका नरामागें दोन-तीन माद्या ठेवाव्या. नळाचें पाणी असल्यास एक दिवस उघडें ठेवून मग घालावें. हा मासा अंडीं घालीत नाहीं. मादी सुमारें चार आठवड्यांनीं जिवंत पिलेंच देते, आणि लगेच तीं गिळूंही लागते! म्हणून पाणवनस्पती दाट हवी. ती नसेल तर सारा खटाटोप व्यर्थ. दाणा बेताचा घालावा. औषधाचा फवारापंप जवळपास धुऊं नये.

मात्र ओढा, नीरा नदी व उजनीचा फुगवटा यांत हे मासे कदापि सोडूं नयेत. मूळचे दक्षिण अमेरिकेचे हे पाहुणे देशी माशांचीं पिलें खातात. चिलापीनें उजनींत कसें बस्तान बसविलें, तें भिगवणच्या मासळीबाजारांत दिसतेंच. ज्या शेततळ्याचा सांडवा ओढ्यास मिळतो, तेथेंही गप्पी नकोत, कारण नवजात पिलूं जाळींतूनसुद्धां निसटतें. तेथें कांठचें गवत कापणेंच बरें.