फुकट ब्रशाची किंमत

महिन्याच्या पहिल्या रविवारी सुपरमार्केटात जी गर्दी लोटते, तिच्यात खरेदीदारांइतकेच गणितीही असतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. गेल्या महिन्यात प्रस्तुत लेखक अशाच एका फळीपुढे दहा मिनिटे उभा होता. समोर एकाच टूथपेस्टचे तीन प्रकार मांडलेले होते. पहिली नळी १५० ग्रॅमची, ९० रुपयांची, आणि तिच्यावर '२५ टक्के जादा' असा ठळक पुकारा. दुसऱ्या वेष्टनात शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन नळ्या, किंमत ११० रुपये आणि सोबत ब्रश फुकट. तिसरी नळी २०० ग्रॅमची, १०४ रुपयांची. तिच्यावर कसलीच घोषणा नव्हती. हिशेब मांडला तेव्हा पहिली ग्रॅमला ६० पैसे, दुसरी ५५ पैसे आणि तिसरी ५२ पैसे पडत होती. म्हणजे जिला कोणतीच सवलत नव्हती, तीच सर्वांत स्वस्त! आणि 'फुकट' ब्रशासाठी गिऱ्हाईक मुकाट्याने सहा रुपये मोजत होते. सहा रुपयांना ब्रश महाग नव्हे, हे मान्य. तक्रार किमतीची नाही. 'फुकट' या शब्दाची आहे.

अशा वेळी 'गरज नसताना घ्यावेच कशाला?' असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. परंतु स्वस्त वस्तू हुडकून काढण्यात जो आनंद आहे, तो केवळ हावरटपणाचा नव्हे. रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली एका निबंधात या आनंदाची शास्त्रीय दखल घेतली. वस्तू मिळाल्याचे सुख वेगळे आणि ती चांगल्या भावात मिळाल्याचे सुख वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरांतील गृहिणींना हे पूर्वीपासूनच ठाऊक होते, हा भाग वेगळा. ठरलेल्या पगारात महिना निभावून नेणाऱ्या माणसाला चार रुपये वाचविल्याचे जे समाधान लाभते, त्यात आपल्या संसारावर आपला ताबा आहे ही भावना असते. म्हणूनच या समाधानाची फसगत करणे, ही बाब चार रुपयांपुरती राहत नाही.

मंडईतील घासाघीस आठवून पाहावी. भाजीवाली 'परवडत नाही' म्हणते, गिऱ्हाईक चार पावले पुढे सरकते, मागून हाक येते आणि अखेर वर कोथिंबिरीच्या चार काड्या पडून सौदा मिटतो. या व्यवहारात दोन्ही पक्ष समोरासमोर असतात आणि दोघांनाही एकमेकांचे डाव ठाऊक असतात. सुपरमार्केटात मात्र बोलतो तो एकच पक्ष, आणि तोही चिठ्ठीवरून. तेथे घासाघीस करावयाची ती स्वतःच्याच डोक्याशी!

त्या चिठ्ठ्यांची भाषाही मोठी फसवी असते. '५० टक्के जादा' आणि '५० टक्के सूट' ही वाक्ये कानाला सारखी लागतात. पण पहिल्यात प्रत्यक्ष सवलत सव्वातेहतीस टक्क्यांच्या आसपासच असते. 'दोनांवर एक फुकट' याचाही अर्थ तेवढाच. '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' म्हणजे ७० नव्हे, तर ६० टक्के. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही वस्तुतः ग्राहकाची लुबाडणूक होऊ नये म्हणून आखलेली मर्यादा. पण ती किंमत ठरवितो उत्पादकच, आणि सवलतीचा मोठेपणाही तिच्यावरूनच मोजून दाखविला जातो!

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली आहे, ती मोफत असल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यातही आहे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन ग्रॅम, किलो वा लिटरमागे पडणारा दर वेष्टनावर छापण्याची तरतूदही झाली. परंतु सवलतीची घोषणा हातभर आणि दर मुंगीएवढ्या अक्षरांत, अशी स्थिती असेल तर चष्मा लावणाऱ्या ग्राहकाला या तरतुदीचा उपयोग काय? हा दर प्रत्येक फळीवर, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत लावणे दुकानांना बंधनकारक केले पाहिजे. त्याने कोणाचा धंदा बुडणार नाही. बुडेल तो केवळ संभ्रम.

ग्राहकाने एकट्याने झगडावे असेही नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीचा मार्ग दाखविला. तेथील बचत ही संघटित मागणीची होती, चिठ्ठीवरील शब्दांची नव्हती. शिक्षकांनीही शेकडेवारी शिकविताना काल्पनिक व्यापाऱ्याचा नफा-तोटा बाजूस ठेवून सवलतींची जाहिरातच फळ्यावर लिहावी. त्या तासाला कंटाळणारा विद्यार्थी विरळाच सापडेल.

प्रस्तुत लेखकाने अखेर ती निनावी तिसरी नळी उचलली आणि विजयी मुद्रेने घर गाठले. 'दुसऱ्या पाकिटाबरोबर ब्रश फुकट होता ना? मग तो का नाही आणला?' हा प्रश्न उंबरठ्यावरच वाट पाहत उभा होता. ग्रॅमला तीन पैशांचा फरक फळीवरच लिहिलेला असता, तर उत्तर देणे पुष्कळ सोपे गेले असते.