डोंगल चालेना म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत लिनक्सवर यूएसबी डोंगल कसं लावायचं ते दाखवलंय. इथे मात्र मला माझं मत मांडायचंय.

मध्यंतरी एका पेंट दुकानदाराचा फोन आला. "सर, उद्या 20 तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायचंय. बाहेर रस्ता खोदलाय, केबल तुटली. डोंगल लावलं तर नेटच येईना. कॉम्प्युटरवाला म्हणतो, लिनक्सवर हे चालणार नाही, नवा लॅपटॉप घ्या. 35 हजार सांगतोय."

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला, तेव्हा त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकून घेतलं होतं. निर्णय चांगला होता. आणि त्या दिवशी दोष लिनक्सचा नव्हताच.

मग दोष कशाचा? बहुतेक डोंगल कॉम्प्युटरला लावलं की आधी सीडी असल्याचं सोंग करतं. त्या सीडीत कंपनीचं विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर असतं. लिनक्सला ते नकोच असतं. त्याला फक्त डोंगलला "सीडी पुरे, आता मोडेम हो" असं सांगावं लागतं. हे काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. तो उबंटू, मिंटमध्ये बहुधा आधीच असतो. नसेल तर मोबाईल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या नेटवरून टाकून घ्या.

त्यांना मी फोनवरच चार गोष्टी तपासायला सांगितल्या. तुम्हीही याच क्रमाने बघा.

1. डोंगल डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टला कधी कधी वीज कमी पडते. लावल्यावर अर्धा मिनिट थांबा.

2. स्क्रीनवर सीडीचं चित्र आलं तर ते इजेक्ट करा. काही डोंगल एवढ्यानेच जागी होतात.

3. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नवं 'मोबाईल ब्रॉडबँड' कनेक्शन बनवा. देश भारत, मग तुमची सिम कंपनी निवडा. एपीएन नीट बघा. जिओचं 'जिओनेट', बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट'. स्पेलिंग इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा नको. सिमला पिन असेल तर तोही लागेल.

4. ह्युवाईच्या हायलिंक प्रकारचं डोंगल असेल तर 'मोबाईल ब्रॉडबँड' कनेक्शन बनवावं लागत नाही. ते नेटवर्क कार्डासारखं जोडलं जातं. ब्राउझरमध्ये 192.168.8.1 टाका, सेटिंगचं पान उघडेल.

आमच्या दुकानदाराचं घोडं तिसऱ्या पायरीवर अडलं होतं. सिम बदललं होतं, पण एपीएन जुन्याच कंपनीचं राहिलं होतं. पंधरा मिनिटांत नेट चालू झालं आणि रिटर्न वेळेत गेलं. नाहीतर विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज. ते वेगळंच.

आता माझं मत. दुकानात पर्यायी नेट असणं ही चैन नाही. आपण जनरेटर ठेवतो, इन्व्हर्टर ठेवतो, गल्ल्यात सुट्टे ठेवतो, तसंच हे. आणि ते लावायला मालकाला स्वतःला यायला हवं. केबल रविवारी रात्री तुटली तर कॉम्प्युटरवाला फोन उचलत नाही हो!

पण डोळे झाकून खरेदीही करू नका. कपाटातलं जुनं 3जी डोंगल निघालं म्हणून खूश होऊ नका. जिओकडे 3जी कधी नव्हतंच आणि एअरटेलनेही ते बंद केलंय. 4जी चालणारं, कोणत्याही कंपनीचं सिम घेणारं डोंगल घ्या. ब्रॉडबँड ज्या कंपनीचं, सिम त्याच कंपनीचं नको. एकाच वेळी दोन्ही बंद पडली तर उपयोग काय? आणि हो, तुमचा सगळा हिशोब टॅलीवर असेल तर आधी नीट विचार करा, कारण टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. अशा वेळी विंडोजच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

एक सवय मात्र आजपासून लावा. दर महिन्याच्या 1 तारखेला ब्रॉडबँडची वायर काढा आणि दहा मिनिटं डोंगलवर काम करा. सिमची व्हॅलिडिटी संपली असेल तर तेव्हाच कळेल. 19 तारखेच्या रात्री कळून काय करणार?

नवा लॅपटॉप जरूर घ्या, पण धंदा वाढला म्हणून घ्या. एपीएन चुकलं म्हणून नको.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जोरात चालू दे!