पिंजऱ्यातले पुण्य

लग्न जमवताना पुण्यातल्या पदवीधर घरांतही आज गोत्र विचारतात. सगोत्र निघाले की बोलणी थांबतात, एकनाडी आली की पत्रिका परत जाते. रक्ताच्या नात्यात सोयरीक नको, पुढची पिढी खुरटते, हे शहाणपण आपल्याला आजीकडूनच मिळालेले असते. हेच कुटुंब रविवारी पोराबाळांसह कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात शिरते तेव्हा फाटकापाशीच विचारणा सुरू होते, "पांढरा वाघ कुठल्या बाजूला आहे हो?" त्या वाघाचे गोत्र मात्र कोणी विचारत नाही.

विचारायला हवे. १९५१ साली रेव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलातून एक पांढरा बछडा धरला आणि त्याचे नाव मोहन ठेवले. मोठा झाल्यावर नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी त्याची जोडी लावली. झालेली पिल्ले सगळी आईच्या रंगाची. हौस भागेना, तेव्हा त्याच पिल्लांतली राधा, म्हणजे मोहनची पोटची लेक, त्याच्याजवळ सोडली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्माला आले. जगभरच्या पिंजऱ्यांत आज दिसणारे पांढरे वाघ बहुतांशी याच घराण्यातले आहेत. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. तो साधा पट्टेरी वाघच, फक्त रंगाचा एक दुर्मीळ गुण त्याच्यात आईबाप दोघांकडून उतरलेला. तो रंग टिकवायचा तर नात्यातच जोड्या लावाव्या लागतात, आणि त्याची किंमत वाघ मोजतो. या वाघांत तिरळेपणा दिसतो, कारण डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची मांडणीच बिघडलेली असते. जंगलातल्या वाघांची संख्या वाढवायला या पैदाशीचा कवडीचाही उपयोग नाही. तरी बाप-लेकीच्या संबंधातून चाललेला हा वंश आपण मुलांना खांद्यावर घेऊन कौतुकाने दाखवतो. घरात जो अधर्म, तोच कुंपणापलीकडे करमणूक!

यात पिंजऱ्याबाहेर काठी घेऊन उभा असलेला रखवालदार गुन्हेगार नाही. तिकीट काढणाऱ्याला जे हवे तेच पिंजऱ्यात येते. आणि पुण्याचा हा शौक जुना आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबटाने १७९० साली काढले, ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १९५३ साली महापालिकेने पेशवे पार्क उभारले, तीन वर्षांनी तिथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. जागा अपुरी म्हणून १९९९ साली कात्रजला १३० एकरांवर नवे संग्रहालय उघडले आणि २००५ पर्यंत पेशवे पार्कातले पिंजरे रिकामे झाले. गजांच्या जागी खंदक आले, फरशीच्या जागी माती आली, झाडी आली. बदलली नाही ती पाहणाऱ्याची नजर. झोपलेल्या प्राण्याला उठवण्यासाठी काचेवर थापा मारणारे, माकडांपुढे वेफर्सची पुडी धरणारे, मगर हलत नाही म्हणून खडा टाकणारे हात आजही तेच आहेत. प्राण्याला डिवचणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तशी पाटी आतच लावलेली असते, आणि त्या पाटीला टेकून आपण फोटो काढतो.

कागदावरची व्यवस्था मात्र मोठी शहाणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये राष्ट्रीय धोरण ठरले. संग्रहालयाचे काम जंगलातल्या संवर्धनाला हातभार लावण्याचे, करमणूक दुय्यम, असे त्या धोरणाचे म्हणणे. संरक्षित प्राणी एका संग्रहालयातून दुसऱ्यात न्यायचा तर प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. धोक्यात आलेल्या जातीसाठी एक संग्रहालय समन्वयक, बाकीची सहभागी. प्रत्येक प्राण्याची वंशावळ नोंदवायची: कोणाचा कोण, कुठे जन्मला, मूळ जंगलातून आलेले पूर्वज किती. ती पाहूनच जोडी ठरवायची. नर इकडचा, मादी तिकडची, म्हणजे रक्त नवे राहते. हे सारे गर्दीपासून दूर, प्रदर्शनाबाहेरच्या जागेत करायचे, कारण पुढे कधीतरी त्यांची पिल्ले रानात परत जायची आहेत. माणसाच्या सवयीचा प्राणी रानात टिकत नाही.

प्रत्यक्षात ही देवाणघेवाण बाजाराच्या वाटेने जाते. तुमच्याकडे वाघ जास्त झाले, आमच्याकडे सिंह नाही. मुंबईच्या राणीबागेला गुजरातेतून सिंहाची जोडी हवी होती तर बदल्यात झेब्रे मागितले गेले, आणि महापालिका परदेशी झेब्रे शोधत बसली. यात कुठल्या जातीचे कोणते संकट टळणार होते? संकट एकच होते, सुट्टीच्या दिवशी गर्दी ओढायला सिंह नसण्याचे.

आपल्या घरचे उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या हंपीहून कात्रजला आणलेला एक बिबट्या निसटला. दुसऱ्या दिवशी तो संग्रहालयाच्या आवारातच सापडला. दोन दिवस सारे शहर विचारत होते की बिबट्या गेला कुठे. पण तो आणला कशाला, हे किती जणांनी विचारले? ज्या जिल्ह्यात जुन्नरपासून शिरूरपर्यंत उसाच्या फडाफडात बिबटे आहेत, ज्या जिल्ह्यातल्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे वर्षानुवर्षे पिंजऱ्यात पडून आहेत, त्या जिल्ह्यात आपण हंपीहून बिबट्या आणतो! आणि २०२५ च्या अखेरीस शिरूरकडे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, एक पाच वर्षांची पोर गेली, तेव्हा ठरते काय? इथले बिबटे गुजरातेत जामनगरच्या 'वनतारा' या खासगी प्राणी केंद्रात धाडायचे.

ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांचा आक्रोश खरा आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत बसून त्यांना निसर्गप्रेमाचे धडे द्यायचा अधिकार आपल्याला नाही. पण त्यांना बिबटे उचलून नेण्याचे खोटे औषध देण्याचाही अधिकार नाही. हा प्रयोग याच जुन्नरने एकदा सोसला आहे. २००१ नंतर तिथले बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला: १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ झाले. पकडल्याने बिथरलेले जनावर अनोळखी मुलखात सोडले की ते माणसाला टाळायचे विसरते. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. कारण त्याला बोलावणारे सारे जागेवरच असते: बारमाही ऊस, गावाबाहेर टाकलेला कोंबड्यांचा कचरा, मोकाट कुत्री, अंधारात उघड्यावर बांधलेली वासरे. ते बदलणे कष्टाचे, पिंजरा लावणे सोपे. आणि ट्रकमध्ये चढवलेल्या पिंजऱ्याचा फोटो चांगला येतो.

संग्रहालयाच्या आत संख्या वाढली म्हणजे संवर्धन झाले, हाही आपला आवडता भ्रम. कात्रजला चितळांचा कळप वाढत वाढत शंभराच्या आसपास गेला होता. जुलै २०२५ मध्ये आठवडाभरात त्यातली १६ चितळे मेली. तपासणीत निघाले लाळ्या-खुरकूत, आपल्या गोठ्यातला जुना रोग. एका खंदकात कळप कोंडला की एकाचा आजार सगळ्यांचा होतो, हे गाय पाळणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. बछडा जन्मला की बारशाची बातमी येते, नाव ठेवायला पुढारी येतात. पण कळप किती असावा, जास्तीचे प्राणी कुठे जाणार, हे प्रश्न पालिकेच्या सभेत विचारले म्हणून कोणाला मत मिळत नाही, आणि मत मिळत नाही ते कोणी विचारत नाही.

पैदास केंद्रे निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. गिधाडांचेच पाहा. गाईम्हशींना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. बघता बघता शंभरातली पंच्याण्णवांहून अधिक गिधाडे संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. हरियाणातल्या पिंजोर केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या लोकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने गिधाडांची पिल्ले वाढवली. जानेवारी २०२४ मध्ये तिथून १० गिधाडे ताडोब्याला आणि १० पेंचला आली. पुढे ती मोकळी सोडली. त्यांतले एक थेट तामिळनाडूपर्यंत गेले, काही दगावली. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याचे पंख शाबूत आहेत, हे त्या एकाने सिद्ध केले. आता आपली नियत शाबूत आहे का? माणसांसाठी बनवलेले औषध दुकानातून आणून आजही गोठ्यात टोचले जात असेल, तर पिंजोरच्या पंचवीस वर्षांच्या मेहनतीवर एक सुई पाणी फिरवू शकते.

माळढोकाची कथा याहून लाजिरवाणी. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर पसरवले, माणसांची शेते आणि गावे त्यात ओढली, लोकांना पक्ष्याचे वैरी केले आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. ज्या माळावर तो नाचत असे त्याला आपण पडीक म्हणालो. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते. तिकडे राजस्थानात २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे, ते यशस्वीही होत आहे. उद्या त्यांनी महाराष्ट्राला चार पक्षी देऊ केले तर आपण ते कुठे सोडणार?

ही जागा गेली कशी, हे पुणेकराला सोलापूरपर्यंत जाऊन पाहायची गरज नाही. ९ डिसेंबर २०२० च्या सकाळी एक गवा कोथरूडच्या महात्मा सोसायटीत आला. हातात फोन घेतलेली गर्दी त्याच्यामागे धावली. तो भिंतींना धडका देत, धापा टाकत पळत राहिला, पकडला गेला आणि मेला. त्याला वाघाने मारले नाही, शिकाऱ्याने मारले नाही. त्याला चांगल्या वस्तीतल्या शिकलेल्या लोकांनी कुतूहलाने मारले. दोन आठवड्यांनी दुसरा गवा बावधनकडे उतरला. या खेपेला गर्दी लांब ठेवली आणि तो जिवंत रानात परतला. म्हणजे शहाणपण येते. पण ते यायला आधी एक जीव घ्यावा लागतो, ही आपल्या संस्कृतीची फी.

आता बोलायचे ते स्पष्ट बोलू. आपल्या समाजाने प्राणिसंग्रहालयाला पापक्षालनाचे तीर्थ केले आहे. टेकडी फोडायची, माळ विकायचा, ओढा बुजवायचा आणि वाढदिवसाला कात्रजचा एखादा प्राणी दत्तक घेऊन प्रमाणपत्र भिंतीवर लावायचे. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. त्यावर बांधकामाची भाषा सुरू झाली की आपल्यातलेच लोक फ्लॅटचा दर विचारायला जातात. ते टेकडीचे हेक्टर राखणे हीच पुण्याची खरी पैदास योजना आहे. तिला तिकीट नाही, म्हणून तिच्या रांगेत कोणी नाही.

गावच्या माणसांना हे जमले आहे. नाना फडणवीसांच्या वेळास गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, एके काळी समुद्रकासवांची अंडी चोरली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेतले. आज तेच गावकरी रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, अंडी कुंपणात राखतात आणि पिल्ले निघाली की वाळूवर सोडतात. पाहुणे येतात, दोरीमागे बसतात, पिल्लू स्वतःच्या पायांनी समुद्रात जाताना बघतात. माणसाची हौसही भागते आणि कासवाचा वंशही. आपल्याला का नाही जमत?

सुरुवात मागण्यांपासून करा. नव्या पाहुण्याची बातमी आली की विचारा, हा कशासाठी आणला, याची वंशावळ काय, याच्या बदल्यात काय दिले. पांढऱ्या वाघाची नवी जोडी मागणाऱ्या पुढाऱ्याला सांगा, नको. कात्रजने इथल्या मातीतले, सह्याद्रीतले आणि दख्खनच्या माळावरचे प्राणी सांभाळावेत, त्यांचे पैदास केंद्र गर्दीपासून दूर ठेवावे, आणि ज्या जातीला सोडायला जागा नाही तिची पैदास सुरू करण्याआधी जागा राखावी. शाळांनी मुलांना खंदकाच्या कठड्याशी उभे करण्याआधी तळजाईवर, वेताळ टेकडीवर न्यावे. दूधवाल्याने आणि डॉक्टरने कोणते इंजेक्शन टोचले ते गाईच्या मालकाने विचारावे. उसाच्या गावांनी गोठे बंदिस्त करावेत आणि सरकारने त्याचा खर्च उचलावा.

यातले काहीही करायचे नसेल तर निदान ढोंग सोडू. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहू की आम्हाला प्राणी पाहायचे आहेत, ते जगावेत असे आमचे काही म्हणणे नाही.